मापाचा जोडा

आमच्या घरात मापाने शिवलेला पहिला जोडा 2023 च्या डिसेंबरात आला. तोवर तीन पिढ्यांनी पायात जे मिळेल ते घातले आणि पायालाच त्यात बसवून घेतले. आजी सांगायची, तुझ्या आज्याचा पहिला बूट लष्करातला. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास आजा देवळाली कॅम्पात हमालीला होता. तिथे त्याला कुणाचे तरी टाकून दिलेले बूट मिळाले. जाड कातड्याचे, तळाला खिळे ठोकलेले आणि त्याच्या पायाला दोन बोटे मोठे. पुढे चिंध्या कोंबून तो ते घालायचा. गावी यायचा तेव्हा ओढ्यापर्यंत बूट पायात, आणि ओढा ओलांडला की नाड्यांची गाठ मारून गळ्यात. वरच्या आळीतून आपल्या माणसाने पायात काही घालून जायचे नाही असा गावचा दंडकच होता. एके दिवशी त्याने ते ओढ्यावर काढलेच नाहीत. आजी म्हणायची, "खिळ्यांचा आवाज चावडीपासून महारवाड्यापर्यंत आला. मी भाकरी करीत व्हते, तव्यावरची भाकर करपून गेली." पुढे काय झाले ते तिने कधी सांगितले नाही. एवढेच म्हणे, की दुसऱ्या वर्षी आम्ही नाशकात राहायला आलो.

वडिलांनी जन्मभर टायरच्या तळाच्या चपला वापरल्या. त्या झिजत नसत, पाय झिजत असे. त्यांच्याविषयी एवढे पुरे.

माझे सांगायचे तर मी आयटीआय करून फिटर झालो आणि सातपूरच्या एका कारखान्यात लागलो. कंपनी लोखंडी टोपीचे बूट देत असे. 1994 च्या पावसाळ्यात माझा जोड फाटला. स्टोअरमध्ये नवीन जोड आलेले नव्हते, पुढच्या महिन्यात बघू असे सांगण्यात आले. मी चप्पल घालून पाळीवर गेलो. चूक माझी होती असे तेव्हा लिहून घेतले गेले आणि मी सही केली. क्रेनवरून उतरवताना एक प्लेट सरकली आणि डाव्या पायाची करंगळी व तिच्या शेजारची दोन बोटे गेली.

त्यानंतर 29 वर्षे मी तयार जोड्याला पाय लावला नाही. तयार बुटात डाव्या बाजूची पुढची पोकळी दुमडते, ती घडी नेमकी जखमेच्या वणावर घासते आणि चार-सहा आठवड्यांत बुटाचे टोक होडीसारखे वर उचलते. म्हणून कॅनव्हासचे बूट घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा. आज्याच्या चिंध्या, माझा कापूस. लग्ने, दहावे, वर्षावासाचे कार्यक्रम, 14 एप्रिलची मिरवणूक, सगळीकडे मी कॅनव्हास घालून. इस्त्रीची पँट, त्याखाली पांढरट कॅनव्हास. लोक म्हणत, फिटर माणूस, सवय असेल.

लेकीचे लग्न ठरले. ती पुण्याला बँकेत नोकरीला आहे. सोयरे मनमाडचे, रेल्वेतली माणसे. खरेदीच्या यादीत तिने माझ्या नावापुढे लिहिले, 'पप्पांचे बूट'.

मी म्हटले, "माझ्या पायाकडे कोण बघतंय?"

ती म्हणाली, "मी बघते. पहिलीत होते तेव्हापासून बघते."

त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नाही.

धाकट्याचे म्हणणे होते की मोबाईलवरून मागवा, नाही बसले तर परत पाठवू. मी त्याला विचारले, तीन बोटे कमी असलेला नंबर कुठल्या पानावर मिळतो? मंडळींनी कुठून तरी चौकशी काढली की भद्रकालीच्या बाजूला एका गल्लीत एक म्हातारे कारागीर अजून हाताने बूट शिवतात. एका रविवारी बापलेक गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची. खाली ऐरण, रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि फळीवर ओळीने लाकडाचे फर्मे. पावलाच्या आकाराच्या या ठोकळ्याला जुनी माणसे काळबूत म्हणत. बूट पायावर नाही, या लाकडावर जन्माला येतो. फर्मा चुकला की चामडे कितीही भारी असो, जोडा चुकलाच.

त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि म्हणाले, "मोजा काढा."

मी उजव्या पायाचा काढला. ते डाव्याकडे बघत राहिले. दवाखान्यातल्या लोकांनंतर माझा तो पाय बाहेरच्या माणसाने पाहिला नव्हता. लेक दुकानाच्या पायरीशी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पोरीला बापाची लाज कुठे आहे ते ठाऊक असते. मी मोजा काढला. त्यांनी पाऊल हातात घेतले, अंगठ्याने वण दाबून पाहिला, "इथे दुखतं? आणि इथे?" असे विचारले, आणि कागदावर ठेवून उभे राहायला सांगितले. माप बसून घ्यायचे नसते. अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. वेळही संध्याकाळची हवी, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो आणि लग्नघरी तर तो फुगतोच. आणि माप दोन्ही पायांचे घ्यायचे, धडधाकट माणसाचेही दोन पाय सारखे नसतात.

पेन्सिल सरळ धरून ते पावलाभोवती रेघ ओढत होते आणि माझ्या डोक्यात आजी बोलत होती. तिच्या गावची उतरंड तिने आम्हाला बोटांवर मोजून शिकवली होती. मेलेले जनावर ओढायचे आपण, कातडे कमवायचे ढोरांनी, जोडा शिवायचा चांभारांनी आणि तो घालून मिरवायचे पाटलांनी. ज्याच्या हातून त्या कातड्याची सुरुवात, त्याच्या पायाला त्याचा तुकडाही लागायचा नाही, कारण चांभारही आपले पायताण शिवत नसत. 1927 च्या महाडनंतर गावोगाव आपल्या लोकांनी ढोरे ओढणे टाकले. आमच्या आज्याने तर कातड्याला हात लावणार नाही असे ठरवले होते. बुटापुरता त्याने अपवाद केला.

मला राहवले नाही. मी म्हटले, "मामा, आमच्या आजीच्या गावात तुमच्या लोकांनी आमचे जोडे शिवले नसते."

त्यांनी मान वर केली नाही. "माझा आजाबी शिवत नव्हता," म्हणाले. "आणि तो ज्यांचे शिवायचा, ते त्याला ओट्यावर चढू देत नव्हते. पाय हलवू नका, रेघ वाकडी येईल."

मग फितीने चवड्याचा घेर, त्यामागच्या उंचवट्याचा घेर, टाचेपासून वरून फिरवून आणखी एक. आकडे त्यांनी पावलाच्या चित्रातच लिहिले.

आता चामड्याविषयी, कारण इथे आपली माणसे सर्वांत जास्त फसतात. आपल्याकडे बूट घेताना चमक बघतात. चमक हा बहुतेक वेळा लपवण्याचा धंदा असतो. ओरखडे, गोचिडांचे डाग असलेले कातडे वरून घासून काढतात, त्यावर रंगाचा जाड थर देतात आणि ते आरशासारखे दिसते. सहा महिन्यांत घडीवर रंगाची खपली निघते. मामांनी तीन तुकडे माझ्या हातात दिले. म्हणाले, बोटावर दुमडा. एकावर बारीक बारीक सुरकुत्या उठल्या आणि सोडताच गेल्या, ते वासराचे. दुसऱ्यावर वरचा पदर सुटल्यासारख्या ढिल्या मोठ्या सुरकुत्या पडल्या, ते जनावराच्या पोटाकडचे. तिसऱ्यावर सुरकुतीच पडेना. ते रेक्झिन होते. उलटून पाहिले तर मागे तंतू नाहीत, कापड! खऱ्या चामड्याची मागची बाजू लवदार असते आणि कडा कापली तर धागे गुंतलेले दिसतात.

बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेले चामडे कापल्यावर आतून तपकिरी दिसते. ते टणक असते, तळाला चांगले. क्रोमच्या क्षारात कमावलेले आतून बहुधा निळसर-राखी असते. ते मऊ आणि लवचीक, बुटाच्या वरच्या भागाला तेच वापरतात. म्हशीचे जाड आणि भरड, कामाच्या बुटाला उत्तम. बकऱ्याचे हलके आणि मऊ. मेंढीचे अस्तराला बरे, पण वरून लावले तर ताणून सैल होते. मला बकऱ्याचे आवडले होते. हाताला लागताच वाटले, हेच. मामा नको म्हणाले. माझ्या डाव्या बुटात पुढे भर घालायची होती आणि इतके पातळ चामडे भरीवर तणाव धरत नाही, आतला उंचवटा बाहेरून कळतो. वासराचेच घ्या. ते महाग होते. राज्यात 2015 पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, गाईंच्या कत्तलीला त्याआधीपासून होतीच. त्यामुळे इथल्या बाजारात म्हशीचे आणि बकऱ्याचे चामडे सहज मिळते. हे मात्र आपल्याकडे चेन्नई-कोलकात्याकडून येते, असे ते म्हणाले. दोन्ही बुटांचे पुढचे भाग त्यांनी पाठीच्या पट्ट्यातून शेजारी-शेजारी आखले, म्हणजे दोघांची छटा एक राहते.

(आपल्या दुकानांत जे तयार बूट मिळतात त्यांतले पुष्कळ आग्र्याहून येतात. तिथले जाटव बांधव पिढ्यानपिढ्या हेच काम करीत आले, आणि 18 मार्च 1956 ला बाबासाहेब आग्र्यात त्यांच्यापुढे बोलले होते. तयार बूट म्हणजे वाईट असे मला म्हणायचे नाही. तेही आपल्यासारख्यांच्याच हातचे आहेत. माझा पाय त्यांत बसत नाही, एवढेच.)

आकाराचा प्रश्न माझ्या बाबतीत शोभेचा नव्हताच. धाकट्याने लांब टोकाचे बूट सुचवले होते. हल्ली नवरदेव घालतात ते. टोकदार बुटात बोटांच्या पुढे बरीच मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर अंगठा चेंगरतो. माझ्याजवळ मोकळी जागा आधीच भरपूर होती. मामांनी गोलसर टोक ठरवले, फार बोथट नाही आणि निमुळतेही नाही. त्यांनी दोन पद्धती दाखवल्या. एकीत नाडीच्या दोन्ही पट्ट्या खाली शिवून बंद केलेल्या असतात, तिला ऑक्सफर्ड म्हणतात. ती दिसायला देखणी. दुसरीत पट्ट्या वरून मोकळ्या असतात, ती डर्बी. पायाचा उंचवटा मोठा असेल, पाय सुजत असेल, तर डर्बी घ्यावी, नाडी सैल-घट्ट करता येते. मी डर्बी घेतली. टोकावर आडवी पट्टी मात्र मागून घेतली, कारण बूट वाकतो ती जागा आणि त्या पट्टीची शिवण जवळजवळ असली की डाव्या बुटाची घडी त्यात हरवते. ही युक्ती त्यांची. डाव्या फर्म्याला त्यांनी अंगठ्याच्या सांध्यापाशी चामड्याचे तुकडे चिकटवून तो माझ्या पायासारखा केला, पण बोटे नव्हती ती बाजू तोडली नाही. बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसायला हवेत. आतल्या पोकळीसाठी मऊ भर कातून, तिच्यावर अस्तराचे चामडे चढवून वेगळी बसवायची.

खरी भांडाभांडी रंगावर झाली. मला काळा हवा होता. बाबासाहेबांचा कुठलाही उभा पुतळा पाहा, पायात बूट असतो. कितीतरी गावांत पुतळा रंगवलेला असतो, निळा कोट, लाल टाय आणि काळे बूट. लहानपणापासून माझ्या डोक्यात 'चांगला बूट' म्हणजे तो. शिवाय काळा कशावरही चालतो, ओरखडा पडला तर पॉलिशने बुजतो. लेकीला फिकट टॅन हवा होता. तो फोटोत उठून दिसतो म्हणे. मामांनी सांगितले की टॅन उन्हाने आणि तेलाने गडद होत जातो, पाण्याचा थेंब पडला की डाग धरतो आणि त्याला जुळणारे पॉलिश शोधत फिरावे लागते. मग मी जिंकलो असे वाटले, तर ते म्हणाले, "काळाबी नको."

त्यांनी काळा तुकडा दिव्याखाली वाकवला. घासून चमक आणलेल्या काळ्यावर घडी पडली की तिथे उजेडाची रेघ उठते आणि लांबून दिसते. माझ्या डाव्या बुटावर घडी पडणारच, कितीही भर घाला. त्यांनी गडद चॉकलेटी तुकडा तसाच वाकवून दाखवला. त्याचा पोत दबका, घडी दिसते पण डोळ्यात खुपत नाही. करड्या पँटला तो शोभतो. एकच अडचण, पुढे काळे पॉलिश चुकून लावले की संपले.

मी म्हटले, "पण बाबासाहेबांचे काळे असत."

लेक म्हणाली, "पप्पा, त्यांचे बहुतेक फोटोच काळे-पांढरे आहेत."

मामा हसले. चॉकलेटी ठरला. मनात मात्र खुटखुट राहिली, ती राहिलीच.

तळाला चामडेच, पण नाशिकच्या पावसाचा विचार करून खाली रबराचा पातळ थर. शिवून घ्यायचे, नुसते चिकटवायचे नाही. चिकटवलेला तळ सुटला की चिकटवत बसावे लागते, शिवलेला उसवून बदलता येतो. अर्धे पैसे आगाऊ दिले. एकूण 5,200 रुपये. कारखान्यातला माझा सुरुवातीचा वर्षाचा पगार आठवला, पण घरी बोललो नाही.

पंधरा दिवसांनी कच्च्या जोडावर पाय घालून पाहिला. डावा चावला. नेमका वणावर. माझा चेहरा बघून मामांनी बूट काढून घेतला, हात आत घातला, भरीचा एक कोपरा रापीने कातला आणि पुन्हा घालायला दिला. असे चार वेळा. चौथ्या वेळी मी उभा राहिलो आणि माझा डावा पाय मला जाणवेना. 29 वर्षे तो रोज जाणवत होता. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मामा माझ्या पायाकडे नाही, माझ्या खांद्याकडे बघत होते. म्हणाले, "डावा खांदा पाडून चालायची सवय आहे तुम्हाला. आता गरज नाही. पण सवय जाणार नाही लगेच."

पुढे आठ दिवस जोड फर्म्यावरच राहिला. लवकर उतरवला तर आकार धरत नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी लग्न असेल आणि बूट शिवायला टाकायचे असतील तर निदान दीड महिना आधी टाका, आणि लग्नाआधी चार दिवस घरात घालून वावरा. नवा बूट पहिल्यांदा लग्नातच घातला तर नवरदेवाच्या चेहऱ्यावर आनंद येत नाही, कळा येते. भिजला तर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, आत वर्तमानपत्र भरून सावलीत वाळवा. अंक वाचून झाल्यावर!

लग्न रविवारी होते. मी मामांना पत्रिका देऊन आलो होतो. दारात मी सोयऱ्यांच्या स्वागताला उभा राहिलो, करडी पँट, चॉकलेटी बूट. कुणी पायाकडे पाहिले नाही. लेकीचे म्हणणे खरे होते आणि माझेही.

मग भन्तेजी आले आणि मंचावर बोलावणे झाले. मंचावर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा. पायरीशी सगळ्यांनी जोडे काढायला सुरुवात केली. इतक्या दिवसांच्या चामडे, रंग, आकार, भर या घोळात ही एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी नाडी सोडली. डाव्या मोज्याचे टोक रिकामे होते, ते पुढे लोंबत राहिले. मंडळी एरवी ते टाचून ठेवतात, या धांदलीत राहून गेले होते. मनमाडचे व्याही माझ्या शेजारीच वाकून बूट काढत होते. त्यांनी पाहिले. काही म्हणाले नाहीत, फक्त पायरी चढताना आपला हात पुढे केला. मी तो धरला. गरज नव्हती, पण धरला.

त्रिशरण-पंचशील झाले, वधू-वरांनी प्रतिज्ञा घेतली. फुले पडत होती तेव्हा माझी नजर खाली पायरीशी गेली. पन्नासेक जोडे अस्ताव्यस्त पडले होते. त्यांत मामा बसले होते. उकिडवे बसून त्यांनी माझा डावा बूट हातात घेतला होता, आत बोट घालून भर चाचपून पाहत होते. पाहून झाल्यावर त्यांनी तो उजव्याच्या शेजारी नीट जुळवून ठेवला. मी खाली आलो तेव्हा म्हणाले, "थोडी दबली आहे. पुढच्या आठवड्यात आणा, अजून एक पदर घालतो."

परवा ते काम करून आणले. काळे बूट शिवायचे ठरवले तर फर्मा जपून ठेवला आहे, असेही ते म्हणाले.